डाव्या हाताची गाडी

राज्याच्या दंतवैद्य संघटनेच्या अध्यक्षपदी बाई निवडून आल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "आता सगळं राज्य तुझ्यापुढे आ वासून बसणार." बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं. त्यांच्या डोक्यात एका गाडीनं घर केलं होतं.

बाईंचा दवाखाना शहरात. तिथे एकेका गल्लीत तीन-तीन दंतवैद्य, एकमेकांच्या पाट्या वाचत बसलेले. डोंगरापलीकडे मात्र औषधाला एक नाही. तिकडची माणसं गाल धरून दिवस काढायची आणि अगदीच सोसवेनासं झालं की दोन बस बदलून बाईंकडे यायची. तोवर वाचवण्यासारखं काही उरलेलं नसायचं. असे दात उपटून उपटून बाईंचा जीव विटला होता.

पहिल्याच बैठकीत त्यांनी विषय काढला. माणसं दवाखान्यात पोचत नाहीत ना, मग दवाखान्यालाच चाकं लावू आणि सभासदांनी आळीपाळीने एकेक दिवस द्यायचा. माजी अध्यक्ष चष्मा पुसत ऐकत होते. बैठकीत कुणी नुसतं कुजबुजलं तरी ते बोलणं थांबवून त्याच्याकडे बघत राहत, म्हणून सगळे त्यांना हेडमास्तर म्हणत.

"मॅडम, दात कोरून पोट भरत नाही," ते म्हणाले. "एका गाडीने काय होणार?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: एक दिवस गाडी डोंगरापलीकडे न्यायची. रांगेतला शेवटचा माणूस अंधार पडायच्या आत मोकळा झाला तर गाडी ठेवायची, नाहीतर विकून टाकायची. बघायला हेडमास्तर जातीनं येणार होते.

मग बाई जे हात धुऊन मागे लागल्या! आपल्याच दवाखान्यात मोजपट्टी फिरवून त्यांनी खुर्ची, दिवा, ड्रिलचा स्टँड, कपाट, सगळ्याची मापं घेतली आणि जशीच्या तशी कारागिराला दिली. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याचे धडधाकट दात दोनदा तपासले. सगळं कसं हाताशी होतं!

ठरल्या दिवशी शाळेच्या पटांगणात गाडी उभी राहिली. रांग कुंपणाला वळसा घालून मागे गेलेली बघून बाईंना आनंदानं भरून आलं. मदतीला दोन तरुण डॉक्टर होते. त्यातला एक उत्साहाने आत चढला आणि लगेच खाली आला.

"मॅडम, बसायचं कुठे? उजवीकडे तर कपाट आहे."

बाईंनी आत डोकावलं आणि चूक ध्यानात आली. बाई डावखुऱ्या. रोग्याच्या डाव्या बाजूला बसून काम करायची सवय, दवाखाना तसाच मांडलेला, आणि इतक्या वर्षांत त्यांना तेच सरळ वाटायला लागलं होतं. बाकीचे डॉक्टर उजवीकडे बसतात, हे त्या साफ विसरल्या होत्या. खुर्ची बोल्टने पक्की, उजवीकडे मदतनीस कशीबशी उभी राहील एवढीच जागा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरुण डॉक्टरांनी करून पाहिलं. एकाचं कोपर कपाटावर आपटलं. दुसरा डावीकडे बसून अंग पिळत वाकला, तेव्हा खुर्चीतला बसचालक म्हणाला, "डॉक्टर, दात इकडे आहेत." शेवटी दोघं बाहेर टेबल टाकून रोगी तपासू लागले आणि आतलं काम एकट्या बाईंवर आलं.

पण त्यांना स्फुरण चढलं होतं. पदरानं तोंड झाकून हसणाऱ्या मुलीचा पुढचा दात त्यांनी असा भरला की ती आरसा सोडेना. असा एकेक दात वाचत होता. बाई तहान-भूक विसरल्या.

उन्हं कलली तरी रांग होतीच. आणि बाईंचा खांदा भरून आला, बोटं थरथरायला लागली. थरथरता हात कुणाच्या तोंडात घालायचा नाही, हा नियम त्या कधी मोडत नसत. त्यांनी पक्कड खाली ठेवली. दारात हेडमास्तर उभे होते.

"संपलं, सर," बाई म्हणाल्या. "विका गाडी."

"उठा," हेडमास्तर म्हणाले.

त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि बाईंच्याच स्टुलावर, डावीकडे बसले. पक्कड डाव्या हातात घेतली. बाई बघतच राहिल्या.

"काढताय ना?" खुर्चीतल्या म्हाताऱ्याने विचारलं.

"काढून झाली, आजोबा. उठा आता."

"सर, तुम्ही डावखुरे?"

"शाळेत छडी मारून मारून उजवा केला. कॉलेजात सगळ्या खुर्च्या उजव्याच." त्यांनी मान वर केली नाही. "दाढ फार हट्टी निघाली की दार लावून घेतो आणि डाव्या हाताने काढतो. घरीसुद्धा कुणाला ठाऊक नाही. पुढचा पाठवा."

मग कधी ते, कधी खांदा शेकून आलेल्या बाई, अशी रांग सरकत गेली. रांगेतली शेवटची आजी गाडीतून उतरली तेव्हा डोंगरावर अजून उजेड होता.

बाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आभारी आहे, सर. उद्याच कारागिराला सांगून खुर्ची फिरवून घेते."

हेडमास्तर खुर्चीचा हात पुसत होते.

"ते दुसऱ्या गाडीत करा," ते म्हणाले. "ही अशीच राहू दे. मंगळवारी मी येतो."