बाभळीच्या बुरुजात एक दुपार

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी स्वतःला लाकडांत चिणून घेतलं. यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता. दोन्ही हात माझेच होते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वारा कुठून येतो, ऊन कुठल्या महिन्यात कसं पडतं, हे सगळं मला पाठ आहे. (पाठ असणं आणि कळणं यात फरक आहे, असं माझी बायको वर्षा लग्नापासून सांगत आलीय.) आमचं छोटं रो-हाउस पडेगावच्या बाजूला आहे. मागच्या अंगणातून लांबवर दौलताबादचा डोंगर दिसतो. तो असा निळसर, तरंगल्यासारखा दिसतो की सकाळी दात घासता घासता मी त्याच्याकडं बघत उभा राहतो आणि तोंडातला फेस वाळून जातो. आतून वर्षाची हाक येते, "अहो, चूळ भरा!" मग मी चूळ भरतो.

वर्षाचे वडील, आमचे आबा, करमाडला शेती करतात. मे महिन्याच्या वावटळीत त्यांच्या बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली. आबांनी ती तोडून, फोडून, श्रावणात टेंपोत भरून आमच्याकडं आणली. बरोबर स्वतःचा तांब्याचा बंबही आणला, कारण थंडीत बंबाच्या पाण्यानं अंघोळ करायची हौस मीच एकदा जेवताना बोलून दाखवली होती.

"जावईबापू, नीट ऐका," आबा अंगणात उभं राहून सांगायला लागले. "खाली विटा लावा. भिंतीपासून वीतभर सोडा. वरून तेवढं झाका, बाजू उघड्या ठेवा. लाकडाला वारा लागला पायजे. ओलं लाकूड घातलं तर नुसता धूर व्हईल, पाणी काय तापायचं नाय."

"हो आबा," मी म्हणालो.

प्रत्यक्षात मी तिथं नव्हतोच. मी मार्गशीर्षातल्या एका सकाळी पोचलो होतो. कोवळं ऊन, बंबाचा बारीक आवाज, तांब्यावर नाचणारा जाळ आणि अंगावर कढत पाण्याचा पहिला तांब्या! आबांच्या बोलण्यातला "झाका" एवढा एकच शब्द माझ्यापर्यंत पोचला.

मग मी झाकलं. लाकडं भिंतीला घट्ट चिकटवून, एकात एक बसवून रचली आणि त्यावर निळी ताडपत्री चारही बाजूंनी अशी आवळून बांधली की मुंगीलाही आत जाताना परवानगी काढावी लागली असती. तीन आठवड्यांनी वर्षानं एक कोपरा उचलून बघितला. आत पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवल्या होत्या. चांगल्या टपोऱ्या!

"अहो, आपण लाकडं वाळवतोय की भाजी पिकवतोय?"

तेवढ्यात आबांचा फोन. "वाळतायत का लाकडं?"

"प्रगती आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. काहीतरी वाढत होतं.

"दसऱ्याच्या आधी येतो बघायला," आबा म्हणाले आणि जरा थांबून हळूच बोलले, "तेवढी सांभाळा. घरची बाभूळ हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, असं लिहायला हवं. खरं म्हणजे मी गाढ झोपलो. पण दुसऱ्या दिवशी सगळी लाकडं उपसून उन्हात पसरली आणि मनाशी ठरवलं की आता आपलं काम कसं उठून दिसलं पाहिजे. त्याच आठवड्यात मोबाइलवर मला तो व्हिडिओ दिसला. कुठल्यातरी बर्फाळ देशातला एक दाढीवाला माणूस लाकडांचा गोल बुरूज रचत होता. मधे पोकळी, चहूबाजूंनी वारा! मला तर त्या बुरुजावर पडणारा बर्फही दिसायला लागला. (पडेगावात!)

तो रविवार उजाडला. वर्षा खरेदीला क्रांती चौकात गेली होती. जाण्याआधी तिनं दसऱ्याचं धुणं काढून घरातल्या सगळ्या गोधड्या अंगणातल्या दोरीवर वाळत घातल्या होत्या. "त्यांना काही होऊ देऊ नका," एवढंच तिनं सांगितलं होतं.

बुरूज आतूनही सुबक दिसावा म्हणून मी आत उभा राहून रचायला घेतला. सारखं आत-बाहेर नको म्हणून निम्मी लाकडं आधीच आत ओढली आणि त्या ढिगावर उभा राहिलो. काय सुंदर दुपार होती! ऊन तापलेलं, बाभळीच्या लाकडाचा तुरट वास, कुठंतरी होला घुमतोय आणि पलीकडं डोंगर आपला तरंगतोय. एक लाकूड ठेवायचं, डोंगराकडं बघायचं, दुसरं ठेवायचं. आबा सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारतायत, हेही मधूनमधून दिसत होतं.

मग एकाएकी डोंगर दिसेनासा झाला.

ढग आला असेल असं मला वाटलं. नंतर उलगडा झाला. भिंत वर चढत होती आणि पायाखालचा ढीग संपत आल्यामुळं मी खाली उतरत होतो. आता बुरुजाची भिंत डोक्याच्या वीतभर वर गेली होती. दार नव्हतं. दाराचा विचार त्या व्हिडिओत कुणी केला नव्हता. (तो दाढीवाला बाहेर उभा राहून रचत होता, हे मला तेव्हा आठवलं.)

वरची लाकडं उचलून बाहेर टाकली असती तर सुटका होती. पण तीन तासांचं काम! मी ठरवलं, शांतपणे विचार करू. तेवढ्यात ओट्यावर ठेवलेला फोन वाजायला लागला. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

कुंपणापलीकडून रशीदभाईंचं डोकं वर आलं. आमचे शेजारी. "गुरुजी, फोन बज रहा कबसे!"

"हौ, सुन रहा हूँ."

ते टाचा उंचावून बघायला लागले. "आप किधर हो?"

"लकडी में."

मग त्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "भाभी से झगडा हुआ क्या?"

मी त्यांना सगळं समजावलं. ते शिडी आणायला गेले आणि त्याच क्षणी फाटक वाजलं. वर्षाचा आवाज आला आणि पाठोपाठ आबांचा! फोन त्यांचाच होता. फाट्यावर उतरून ते मला न्यायला बोलवत होते. शेवटी वर्षा परत येताना त्यांना रिक्षात घेऊन आली.

"जावईबापू कुठंयत?"

"इथं आहे, आबा!"

"इथं म्हंजी कुठं?"

"बुरुजात."

पावलं जवळ आली. आबांनी बुरुजाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. काठीनं एका लाकडावर ठोकलं. टण्ण! दुसऱ्यावर ठोकलं. टण्ण! फटीतून त्यांचा एक डोळा मला दिसला.

"लई भारी वाळलंय!" आबा म्हणाले. "वारा कसा खेळतोय बघ गं वर्षे. मला नव्हतं वाटलं यांच्यानं व्हईल म्हणून."

जे ऐकायला मी महिनाभर आसुसलो होतो ते असं फटीतून आलं. मला भरून आलं. त्या भरात मी आबांना नमस्कार करायला वाकलो. कुठं वाकतोय याचा विचार केला नाही.

बुरूज आधी नुसता करकरला. मग माझ्यासकट, अगदी सावकाश, गोधड्यांच्या बाजूला कलला. दोरी तुटली. मी सहा ओल्या गोधड्यांवर पडलो, माझ्यावर दोन गोधड्या पडल्या आणि त्यांच्यावर करमाडची बाभूळ. आतून मला वर्षाचे फक्त तीन शब्द ऐकू आले, "माझ्या गोधड्या, अहो!" माझा नंबर शेवटी का होईना, लागला होता.

शिडी घेऊन आलेले रशीदभाई म्हणाले, "निकल गये? अच्छा हुआ."

आबा हसले नाहीत. त्यांनी फेट्याचा शेव खोचला आणि लाकडं गोळा करायला लागले. आम्ही चौघांनी मिळून ती पुन्हा रचली. सरळ रांगेत, विटांवर, भिंतीपासून वीतभर सोडून. ऊन उतरत होतं. एक जाड लाकूड हातात घेऊन आबा थांबले. त्याच्या सालीत दोरीनं घासून पडलेली खोल खाच होती.

"हिची आई खुरपायला जायची तवा याच फांदीला झोळी बांधायची," ते म्हणाले. "ही निजायची झोळीत. वाऱ्यानंच हलायची."

वर्षानं ते लाकूड घेतलं, खाचेवरून बोट फिरवलं आणि घरात नेऊन ठेवलं. मलाही प्रथमच कळलं की आबा "तेवढी सांभाळा" असं का म्हणाले होते. मग मात्र मी दिवाळीपर्यंत रोज त्या रांगेची चौकशी केली. पाऊस आला की वरून झाकलं, ऊन आलं की उघडलं.

मार्गशीर्षात आबा खास अंघोळीसाठी आले. सकाळी हाडं गारठतील अशी थंडी. मी बंबात लाकडं घातली आणि काडी ओढली. एका काडीत पेट! धूर नाही, तडतड नाही, तांब्यावर सोनेरी जाळ. अगदी मी बघितली होती तशीच सकाळ. आबा अंगाला तेल लावून, पंचा गुंडाळून पाटावर बसले. मी जाळाकडं बघत राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही.

"सोडा आता पाणी," आबा कुडकुडत म्हणाले.

मी तोटी फिरवली. फुस्स आवाज आला आणि थोडी गरम हवा.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "जावईबापू, आत पाणी वतलं व्हतं ना?"

लाकडं उत्तम वाळली होती. बंब त्याहून उत्तम वाळला होता.