दाजींच्या जीपची चाकं
शिवऱ्याच्या आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यांनी, जुनी जीप घेतली आणि वेल्ह्यापासून हायवेपर्यंत वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं ने-आण करणं, सुरू केलं. गाडी दणकट होती, पण ब्रेक जुने, ड्रमचे. माणसं भरली की उतारावर पेडल पुन्हा पुन्हा मारावं लागायचं. ताई म्हणायची, "आदी बिरेक बघा." दाजी मान डोलवायचे आणि मावा थुंकायचे.

एकदा ते भोरहून आले ते गाडीला रुंद टायर आणि मॅगव्हील, म्हणजे शोभेची चकाकती चाकं, घालूनच. ब्रेकला हातही लावला नव्हता. ताईला आरती घेऊन दारात उभं केलं, चारी चाकांना हळदीकुंकू लावायला सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी वेल्ह्याला माझ्या दुकानापुढे गाडी लावून तिच्याच जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन ते चाकं पुसत बसायचे. डाग निघाला नाही की त्यावर थुंकायचे. मला बघवायचं नाही.

ही चाकं मूळच्या चाकांपेक्षा रुंद. स्टिअरिंग पुरतं वळवलं की आत काहीतरी खरडायचं. मी वाकून पाहिलं, तर ब्रेकचं तेल नेणारा रबरी पाइप टायरला घासून पार झिजला होता.

"दाजी, हे तुटलं तर?"

"मेव्हणं, तुमी तुमचं दुकान बघा. गाडीतलं काय कळतंय तुमाला?"

भातलावणीच्या दिवसांत गुंजवण्याला नात्यात बारसं होतं. परतताना पुढे दाजी आणि ताई, मागे मी आणि वाटेत घेतलेली माणसं. उतारावरच्या वळणावर समोर म्हशी आल्या. दाजींनी पाय दाबला आणि पेडल भसकन तळाला गेलं. त्यांनी गिअर पाडला, हँडब्रेक ओढला. तरी गाडी बांध ओलांडून खाचरात घुसली आणि चिखलात रुतल्यावरच थांबली.

ताईचं तोंड समोरच्या दांडीवर आपटलं होतं. ओठ फाटून रक्त पदरावर गळत होतं. माझ्या शेजारची म्हातारी ओकायला लागली आणि त्या वासात ब्रेकच्या तेलाचा उग्र वास मिसळला. दाजी खाली उतरले. गुडघाभर चिखलातून पुढच्या चाकापाशी गेले, हातानं चिखल निपटून वाकून पाहिलं.

"चाकाला काय झालं न्हाई," ते म्हणाले. चेहऱ्यावर खरोखरचं समाधान होतं.

ताईनं तोंडावरचा पदर काढला. "आन् मला?"

दाजी पुन्हा चाकावरचा चिखल निपटायला लागले.

"बिरेक केल्याबिगर ही गाडी दारात आणायची न्हाई."

ती शिवऱ्याला गेलीच नाही. ओठाला टाके घालून वेल्ह्याला आमच्याकडे राहिली. दाजी दोनदा न्यायला आले, तेव्हा ती आतून बाहेरसुद्धा आली नाही. अखेर त्यांनी मॅगव्हील काढली, जुनी चाकं चढवली आणि भोरला पुढच्या बाजूला डिस्क ब्रेक बसवून घेतले. ताईनं आधी मला गाडी चालवून बघायला लावली. उतारावर ब्रेकवर पाय ठेवताच गाडी जागच्या जागी थांबली. मगच तिनं पिशवी भरली.

निघताना दाजी माझ्या दुकानापुढे गाडी लावून चार जणांना सांगत होते, "घरच्या मानसांपेक्षा चाकं मोठी हायत व्हय? म्या तर पयल्यापासनं म्हनत हुतो, आदी बिरेक."

ताई ऐकत होती. ती त्यांच्या शेजारची जागा सोडून मागच्या बाकावर जाऊन बसली. दाजींनी हसत टाळीसाठी माझ्यापुढे हात केला. मी आत गेलो आणि साखरेच्या पुड्या बांधायला लागलो.