पाव फेरा

कारखान्याच्या पंप-दुरुस्ती खात्यात त्यांना सगळे थेंबमामा म्हणत. पंपाखाली ओल दिसली की मामा पाना घेऊन हजर. जुन्या पंपांत फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवायला दोरी ठासलेली असे. गळती वाढली की नट पाव फेरा आवळायचा, थेंब ताब्यात. उमेदीची सगळी वर्षं मामांनी तो पाव फेरा मारण्यात घालवली. "घरातले नळसुद्धा तुम्हाला बघून दम धरतात," बायको म्हणायची.

मग दोरीच्या जागी मेकॅनिकल सील आलं. आरशासारख्या घासलेल्या दोन कड्या, एक फिरती, एक स्थिर, तोंडाला तोंड लावून. आणि ही सीलं सारखी फुटायला लागली. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं: आता बसवाल ते सील कारखान्याच्या वार्षिक बंदपर्यंत टिकलं तर खातं राहील. नाहीतर काम बाहेरच्या ठेकेदाराला, आणि मामांसकट चौघं घरी.

या खेपेला इंजिनिअरबाई स्वतः उभ्या राहिल्या. पाइपांचा ताण काढला, मोटर आणि पंप एका रेषेत आणले, कड्यांना कुणाचं बोट लागू दिलं नाही.

"मामा, एक ऐकाल?"

"बोला की बाई."

"आता सीलच्या नटांना हात लावायचा नाही. जास्त आवळलं की कडी वाकते. सुरू करताना एखाददुसरा थेंब येईल, तो आपोआप थांबतो. नुसतं बघत बसायचं."

"गळतंय ते बघायचं आणि पगार घ्यायचा?"

"हो."

"आमच्या जावयाला कळवतो. त्याच्या जोगं काम आहे."

सील कोरडं राहिलं. आठवडे गेले. "मामा, तुमचं नाव बदलावं लागणार," वेल्डर म्हणाला, तेव्हा मामा चक्क लाजले.

एका सकाळी वीज जाऊन आली. पंप पुन्हा सुरू झाला आणि खाली एक थेंब पडला. मग दुसरा. मामा एकटेच होते. ते बसून राहिले, हात मांडीखाली दाबून. तिसरा पडला. वाढलं तर? चौघांची भाकरी गळत असताना आपण बघत बसलो होतो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

ते उठले. फक्त पाव फेरा.

थेंब थांबला.

दुपारी पंप किंचाळायला लागला आणि पाण्याची धार थेट भिंतीवर गेली. बाईंनी सील उघडलं. कडी आरपार तडकली होती.

"कधी आवळलात?"

"सकाळी."

"थांबला असता, मामा."

"थांबला ना बाई. मी आवळल्यावर लगेच थांबला."

मागे बाकीचे तिघं हत्यारं गोळा करायला लागले होते.