पहिल्या बांगेचा नवस

बेटावर पाय ठेवण्याआधी सुकऱ्या दोनदा खाकरायचा. रोज सकाळी. डोक्यावर कोंड्याची टोपली, पोटरीपर्यंत नदीचं पाणी, आणि पलीकडे वाट पाहणाऱ्या अकरा कोंबड्या. परक्याच्या दारात असं सांगूनच जावं, असं त्याचं म्हणणं. तीच टोपली अंड्यांनी भरून परतताना मात्र दार परकं असल्याचं त्याच्या लक्षात राहत नसे.

दाभोशाजवळ नदीच्या मधोमध खडकाचा एक उंचवटा आहे, वर एकच उंबर. पाड्यावर रानमांजरानं चार कोंबड्या नेल्या, तेव्हा उरलेल्या कोंबड्या सुकऱ्यानं ट्रकच्या ट्यूबवर बसवून तिथं नेल्या, कारवीचं खुराडं बांधलं आणि वाघोबाला नवस बोलला, "यांना सांभाळ. बेटावर पहिला जो आरवेल तो तुझा. वाघबारशीला आणून देईन."

त्याची भाची जयवंती शाळेत इतिहास शिकवायची. सगळा कारभार पाहून ती म्हणाली, "मामा, ही तुझी वसाहत झाली. अंडी इकडं येतात, कोंडा तिकडं जातो, आणि वर तू म्हणतोस हे त्यांच्याच भल्यासाठी."

"भल्यासाठीच. तिथं मांजर नाही."

"सगळे साहेब असंच म्हणत आले."

सुकऱ्याला यातलं साहेब तेवढं आवडलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं दोन कायदे केले. उंबरावर चढायचं नाही, आणि अंडं खुराड्यातच घालायचं. प्रजेनं दोन्ही दुपारच्या आत मोडले. बेटाचे रीतिरिवाज आधीच ठरलेले होते. उन्हं चढली की धुळीत अंघोळ, उन्हं उतरली की उंबराखाली भांडण. बाहेरून येणारा पाहुणा एकच, बगळा. तो कुणाशी बोलत नसे.

बेटावर कोंबडा नव्हता; पाड्यावरून आणलेल्या अंड्यांच्या पहिल्याच उबवणीतून तांबडा निघाला. वाढला, तुरा आला, सुकऱ्याच्या खांद्यावर बसायला लागला, पण आरवेना. साहेबाला लाज वाटली. मग चार दिवस सुकऱ्या स्वतः खडकावर उभा राहून, मान ताणून आरवला. काठावरून जाणारी जीप दोनदा थांबली. पाचव्या दिवशी तांबड्यानं उत्तर दिलं. सुकऱ्या खुशीत नाचला आणि नाचता नाचता त्याला नवस आठवला.

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली तशी त्याची भाकर ताटात राहायला लागली.

"खा," बायको चिमी म्हणाली. "देवाला बोललेलं मागं घेता येत नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू म्हणत नाहीस. भाकर म्हणते."

वाघबारशीला पाडा वाघोबापुढं जमला. बुध्या भगतानं सुरी पुसली. सुकऱ्या तांबड्याला काखेत घट्ट धरून उभा.

"आण रं," बुध्या म्हणाला.

"थांब, भगता," चिमी म्हणाली. "नवस काय होता ते आधी विचार याला."

सुकऱ्यानं पुटपुटत सांगितलं. पहिला जो आरवेल तो.

"मग पहिला कोण आरवला? चार दिवस सगळा पाडा ऐकत होता."

बुध्यानं सुरीकडं पाहिलं, मग सुकऱ्याच्या मानेकडं. "हिच्यावर मांस नाही," तो म्हणाला. पाडा हसला. बुध्या हसला नाही. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ पाहिले. "देव म्हणतो, माणूस घेतला. पण कापायचा नाही. दरसाल वाघबारशीला इथं येऊन आरवायचं. तांबडा राहील घरी."

सुकऱ्यानं डोळे मिटले आणि आरवला. काखेतून तांबड्यानं साथ दिली.

नऊ वर्षं त्यानं एकही वाघबारस चुकवली नाही. शेवटच्या वर्षी आवाज इतका बसला होता की बुध्या म्हणाला, देवाला समजलं, पुरे. तरी त्यानं बांग पूर्ण केली. त्यानंतरच्या थंडीत तो अंथरुणाला खिळला. एका संध्याकाळी चिमी चुलीपुढं बसली होती. त्यानं कूस बदलून तिला सांगितलं,

"कोंडा भिजव. आणि उद्या तू जाशील तर आधी खाकर."