बिनकुलपाचं मशीन

आमच्या घरात कॉम्प्युटरसमोर खुर्ची नाही, बाकडं आहे. दोन माणसं शेजारी बसतील एवढं. पोरगी म्हणाली होती, चांगली खुर्ची आणते, पाठ दुखणार नाही. तिची आई म्हणाली, "खुर्चीत एकच माणूस बसतंय. मग मी काय उभ्यानं बघू?" म्हणून बाकडं. ती डावीकडं बसायची आणि मी उजवीकडं, कारण माझा डावा कान बरा आहे आणि तिला सारखं काहीतरी विचारायचं असायचं.

मी सातवी शिकलेला माणूस. राजुरीत जन्म गेला, कांदा पिकवला. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही आणि मशीन समोर आहे, म्हणून लिहितो. लोक भेटायला येतात, म्हणतात, देवाची मर्जी. मला ते पटत नाही, पण पाहुण्याला दारातून हाकलता येत नाही म्हणून गप्प बसतो. इथं गप्प बसायची गरज नाही.

पोरगी आमची एकुलती एक. नव्वद सालाच्या पुढं ती कॉम्प्युटर शिकायला पुण्याला गेली तेव्हा भावकीतले म्हणाले, पोरीच्या जातीला एवढं कशाला. मी म्हणालो, मग तुमच्या पोराला पाठवा, बघू कुठवर जातोय. पोरगी शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि काही वर्षांनी एक जुनं मशीन घरी घेऊन आली. पुण्याच्या मार्केटला कांदा उतरवून रिकामा परतणारा टेम्पो असतो, त्यातून आली. मशीन बारदानात गुंडाळलेलं. वरचं झाकण उघडलं तर आतून कांद्याची सालं पडली.

लोकांकडं तेव्हा फाट्यावरच्या दुकानातली सीडी असायची. तीत सगळं मिळायचं, गाणी, पत्ते, सगळं. आमच्या मशीनमध्ये ते काहीच नव्हतं.

पोरगी म्हणाली, "अण्णा, ह्याच्यात एकपण कुलूपवाला प्रोग्रॅम नाही. आणि घालायचापण नाही."

"कुलूप म्हंजे?"

"म्हणजे आत काय चाललंय ते बघायचं नाही, बदलायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. ह्याच्यात जे आहे ते कुणीपण उघडून बघावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं."

"फाट्यावरची सीडीबी शेजाऱ्याला देत्यातच की."

"ती चोरून देतात. ही देण्यासाठीच केलेली आहे."

"आसं कोण करतंय? लोकांना काय उद्योग नाय?"

चुलीपाशी तिची आई भाकरी थापत होती. मागं न बघताच म्हणाली, "मी करती की. बियाचं."

ते बियाचं सांगायला पाहिजे. दरवर्षी बराखीतला, म्हणजे साठवणीच्या चाळीतला, कांदा निवडताना ती चांगले कांदे बाजूला काढायची. एकसारखे, बारीक मानेचे, शेवटपर्यंत न सडलेले. ते पुन्हा जमिनीत लावायची. त्यांना दांडा येतो, दांड्यावर पांढरा गोंडा येतो. त्याला आम्ही डेंगळा म्हणतो. त्याच्यातून काळं बी झडतं. आमचा गरवा, उशिरा येणारा कांदा वर्षभर टिकायचा तो तिच्या हातामुळं. त्यातलं बी ती मागेल त्या बाईला ओंजळभर द्यायची. विकलं कधी नाही. घेणारीनं पुढं आणखी कुणाला द्यायचं, एवढंच तिचं म्हणणं.

एका वर्षी बांधापलीकडं चुलतभावानं लाल हळव्या, लवकर येणाऱ्या कांद्याचे डेंगळे लावले. दोन्हीकडं फुलं एकदमच आली. हिनं बांधावर उभं राहून बघितलं. घरी येऊन म्हणाली, औंदाचं बी कुणाला द्यायचं नाही. मी म्हणालो, "आगं, त्याची चारच तर वाफं हायेत." ती म्हणाली, "मधमाशीला मोजता येतंय व्हय?" नंतर ते सगळं बी तिनं उकिरड्यात घातलं. घरोघर जाऊन बायकांना सांगून आली, यंदा दुकानातून घ्या. आम्हालाही दुकानातूनच घ्यावं लागलं. मी लई चिडलो होतो. ती म्हणाली, "माज्या हातचं म्हणून लोक नेत्यात. त्यात काय मिसळलंय ते मलाच सांगता येईना, तर द्यायचं कशाला?"

पोरीचं मशीन आणि आईचं बी एकच आहे असं काही मी म्हणणार नाही. बी दिलं की आपल्या डब्यातलं कमी होतं, प्रोग्रॅम कितीही दिला तरी आपला आपल्यापाशी राहतो. म्हणजे देणं सोपं. तरी लोक कुलूप का लावतात, हे मला आजपर्यंत नीट समजलेलं नाही. पोरीला विचारलं तर ती तासभर सांगत बसते.

पुढं टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं. टेलिफोनवाल्यांनी एक डबी भिंतीला लावून दिली. पोरगी रजेवर आली तेव्हा तिनं त्या डबीमागं स्वतःची दुसरी डबी लावली. तिला राऊटर म्हणतात. त्यातला कंपनीचा प्रोग्रॅम पुसून तिनं आपला घातला. घालताना सगळे दिवे विझले. मी म्हणालो, "मेली वाटतं." ती म्हणाली, "मेली तर माझी मेली, अण्णा. तुम्ही चहा प्या." थोड्या वेळानं एक दिवा लागला, मग दुसरा. मी टेलिफोनवाल्यांच्या डबीकडं बोट दाखवलं. "आन् हिचं कुलूप?" ती हसली. "ती वेशीबाहेरची. वेशीच्या आतलं आपलं." दसऱ्याला तिच्या आईनं विळा, पान्हा, पंपाचा स्टार्टर पुजला आणि त्या राऊटरलाही हळदकुंकू लावलं. कुंकू भोकातून आत गेलं. अजून आत असेल.

मग पोरीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर परदेशात गेली. तिला दिवस गेले आणि तिकडं सातवा महिना चालू असताना इकडं हिच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं. आत येऊन मी हिला काही बोललो नाही, पण तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "पोरीला आत्ता सांगू नका. तिचं मोकळं होऊ द्या."

पोरीला मुलगी झाली. मग सांगितलं. तिकडून लगेच निघता येईना, बाळाचे कागद व्हायचे होते आणि डॉक्टर एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणत होते. आमच्या हातात किती वेळ आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. हिला एकच पाहिजे होतं. नात हलताना बघायची.

फोटो यायचे. आवाजही यायचा, पोरीच्या त्या बिनकुलपाच्या प्रोग्रॅममधून, दर रविवारी दुपारी. वीज नसली तर मी ट्रॅक्टरची बॅटरी काढून इन्व्हर्टरला जोडायचो. ही बाकड्यावर उशी घेऊन बसायची आणि जीभ टाळूला लावून टॉक टॉक करायची. तिकडं रडणारं बाळ गप व्हायचं. "वळखलं मला," असं म्हणायची.

पण चित्र नव्हतं. पोरीनं इकडं येणाऱ्या कुणाबरोबर तरी कॅमेरा पाठवला होता. तिनं चौकशी करून घेतला होता, ह्या नावाचा कॅमेरा आपल्या मशीनवर चालतो म्हणून. निघालं असं की कंपनीनं नाव तेच, खोकं तेच ठेवलं आणि आतला भाग बदलला. त्याला चालवायचा प्रोग्रॅम फक्त कंपनीपाशी आणि तो कुलपात. आमच्या मशीनवर कॅमेऱ्याचा दिवा लागायचा आणि चित्र काळं. दुसरा घ्यावा तर त्याच्याही आत काय निघेल त्याची खात्री नव्हती.

मी आळेफाट्याच्या दुकानदाराला घरी आणलं. त्यानं बघितलं आणि हसला.

"काका, हे काय चालवताय तुमी? पार येगळंच हाये राव. सगळं जग वापरतंय ती सिस्टीम टाकतो. तासाभराचं काम. तिकडं ताईला म्हणावं, तुमीबी तोच प्रोग्रॅम घ्या. की लगेच तोंड दिसलंच."

मी पोरीला फोन लावला. सरळ बोललो. "पोरी, तुजा नियम चांगला आसंल. पण तुज्या नियमापायी माजी बायको नातीचं तोंड न बघता जायची का?"

ती म्हणाली, "घाला, अण्णा. मी इकडं आत्ता घालते." रडत होती.

दुकानदारानं सीडी काढली. खाटेवरून ही म्हणाली, "थांबा जरा. भाऊ, तुमी च्या घ्या आदी."

तो चहाला ओट्यावर गेला. मी खाटेपाशी बसलो.

"आगं, तुला बघायचं न्हाय का?"

"लई बघायचंय."

"मग?"

"पोरगी रडत व्हती ना?"

"व्हती."

"तिनं एवढी वर्सं कुणाचं ऐकलं न्हाई. हाफिसात लोक हसले, तुमी हसला. आता माज्या मरणापायी मोडलं तर जन्मभर तिला काय आठवंल? आईसाठी मोडलं. तसली आठवण म्हणून मला ऱ्हायचं न्हाई."

"आन् मला काय आठवंल त्याचं काय?"

ती माझ्याकडं बघून हसली. "तुमी टणक हायात."

दुकानदारानं कप ठेवला. "काय मग मावशी, टाकू का?"

"न्हाई भाऊ. तुमचा हेलपाटा झाला. जाताना दोन शेर कांदा घिऊन जा, वर्सभर सडायचा न्हाई."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी कांदा भरून दिला. दुसरं काय करणार?

थंडी पडायच्या आत ती गेली. शेवटच्या रविवारी तिला बाकड्यावर बसवेना, म्हणून मी माईकची वायर ओढून खाटेपर्यंत नेली. तिची जीभ वळत नव्हती. टॉक टॉक मीच केलं. बाळ गप झालं नाही.

पोरगी बाळाला घेऊन आली तेव्हा सगळं उरकलं होतं. मी तिच्याशी नीट बोललो नाही. मनात एकच, पोरीच्या नियमानं झालं. तिनं तर घाला म्हणलं होतं, नको तर आईनं म्हणलं, हे मला ठाऊक होतं. पण मेलेल्या माणसावर रागावता येत नाही. जिवंत माणूस समोर होतं, त्याच्यावर राग काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती बाळाला मांडीवर घेऊन बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "अण्णा, मी जायच्या आधी तो दुसरा प्रोग्रॅम घालून देते. तुम्ही एकटे आहात. ही मोठी होताना तुम्हाला दिसली पाहिजे. माझं काय ते मी बघते."

मी म्हणालो, "नको."

"का?"

"तुज्या आईनं नको म्हणलंय."

"ते तेव्हाचं होतं."

"मी काय तुज्या नियमाचा मानूस न्हाय. मला त्यातलं अर्धं कळतबी न्हाय. पण तिनं त्याच्यापायी नातीचं तोंड सोडलं. आता मी ते आसं सहज मोडू व्हय?"

ती उठून आत गेली. बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता. बाळाला तिनं माझ्याकडं ठेवलं होतं. मी टॉक टॉक केलं. बाळानं माझ्या नाकाला धरलं.

त्या वर्षी डेंगळे मी लावले. कांदे निवडताना माझा हात तिच्यासारखा चालत नाही, पण लावले. फुलं यायला लागली तशी बांधाबांधानं हिंडून आलो, कुणी लाल लावलाय का बघायला. एक बाई म्हणाली, "भाऊ, आता तुमी व्हय?" म्हणलं, मीच.

पुढच्या वर्षी कधीतरी पोरीचा फोन आला. त्या कॅमेऱ्याचा मोकळा प्रोग्रॅम निघालाय म्हणाली. कुणीतरी परक्या देशातल्या माणसानं, कंपनीनं काही न सांगता, स्वतः चाचपडत तो लिहिला आणि जगाला देऊन टाकला. मी विचारलं, "त्याला काय मिळालं?" ती म्हणाली, "त्याच्याकडंपण तसलाच कॅमेरा असेल." मी त्या माणसाचा बराच विचार केला. त्याचं भलं होवो. पण एक वर्ष आधी लिहिला असतास तर बाबा, असंही येतंच मनात. तो तरी काय करणार, त्याला आमचं घर कुठं ठाऊक.

रविवारी दुपारी पोरगी फोनवरून एकेक अक्षर सांगत गेली आणि मी एका बोटानं दाबत गेलो. दोनदा चुकलो. ती म्हणाली, राहू दे का पुढच्या रविवारी? मी म्हणालो, सांग गुमान. मग मशीन बंद करून चालू केलं, कॅमेऱ्याचा दिवा लागला, पडद्यावर आधी ठिपके आले आणि मग नात आली. अडखळत हलत होती, हात वर जायचा तो जरा वेळानं खाली दिसायचा. पण हलत होती. चालायला लागली होती. पडद्याजवळ येऊन तिनं तोंड अगदी मोठं केलं.

पोरगी मागून म्हणाली, "अण्णा, आम्ही दिसतोय का?"

"दिसताय."

"तुम्ही अर्धेच दिसताय. कडेला बसलाय. मध्ये सरका ना जरा, डावीकडं."

मी डावीकडं बघितलं. बाकडं तिच्या आईपुरतं मोकळं होतं.

"ऱ्हाऊ दे," म्हणालो. "हितंच बरा हाये."

तिला कळलं असावं. नातीला तेवढं म्हणाली, "आजोबांना दाखव बघू तुझे बूट." तिनं एक बूट काढून पडद्याला लावला.