कन्नड लिपीतली वही

सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावलं की हणमंतराव अण्णा ते तीनदा ओढून बघत. मग मला ओढायला लावत, आणि मी ओढत असताना कुलपाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत. बंगळूरला नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला याचं फार वाईट वाटायचं. मग पाहिलं, तर कॉफीसुद्धा ते आधी वास घेऊन मगच पीत.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या चामराजपेटेतलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. आमची लहानशी कंपनी मल्लेश्वरमला होती. यंत्रांच्या भागांचे नकाशे आम्ही संगणकावर काढून देत असू आणि ते सगळे ज्या लिनक्स सर्व्हरवर राहत, तो अण्णा सांभाळत. मी बेळगावकडच्या एका गावातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. सहा महिने मला पारखून मग कायम करणार होते. वडील मात्र गावभर सांगून मोकळे झाले होते, की पोरगा कायम झाला.

काही कामं सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालत. चालताना कामानं तोंडातून एक शब्द जरी काढला, तरी सकाळी त्याची मेल येई. अण्णा अशी प्रत्येक मेल वाचत आणि तपासून एका लांबट वहीत नोंदवत. "कुत्रं भुंकलं म्हणजे चोरच आला असं नाही, तम्मा," ते म्हणत. धाकट्या भावाला कन्नडमध्ये तम्मा म्हणतात. "पण उठून बघायचं. न बघता झोपला, तो गेला."

वहीतली भाषा मराठी होती, लिपी कन्नड. "पुण्याच्या साहेबाला लिपी येत नाही, इथल्यांना भाषा कळत नाही. कुलपापेक्षा पक्कं!" मला दोन्ही येत होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पुतणीच्या लग्नासाठी अण्णा चार दिवस रजेवर गेले. जाण्याआधी सगळ्या नकाशांची रोज पहाटे टेपवर प्रत घेण्याचं काम त्यांनी मला लावायला सांगितलं होतं. मी ते लावलं. रजेच्या दिवसांत सर्व्हरच्या मेल आमचे पुण्याचे मॅनेजर, देशपांडे साहेब, यांच्याकडे वळवलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. समोर छापलेल्या तीन मेल. तिन्हींत एकच इंग्रजी ओळ: नावांच्या सुरुवातीची तिरकी रेघ काढून टाकत आहे. त्यांनी 'काढून टाकत आहे' याखाली लाल रेघ मारली होती.

"रोज पहाटे तू काय काढून टाकतोयस? गिअरच्या नकाशांचा फोल्डर मंगळवारपासून गायब आहे. आणि या मेल तुझ्या कामापासूनच सुरू झाल्यात."

तो इशारा मी स्वतःच पहिल्यांदा पाहत होतो. "अण्णा आले की ठरवू," साहेब म्हणाले.

अण्णा आले. वाटलं, आता माझी बाजू घेतील. त्यांनी चष्मा पुसला. "तू काढलंस?"

"नाही, अण्णा."

"चोरही तेच म्हणतो. बस. सोमवारची आणि मंगळवारची टेप रिकाम्या जागी उघड."

मी आधी सोमवारची टेप उघडली. एकेक नाव ते मोठ्यानं वाचायला लावत होते. सगळे नकाशे जागच्या जागी होते. मंगळवारच्या टेपमध्येही एक फाइल कमी नव्हती. फक्त गिअरचा फोल्डर साहेबांच्या फोल्डरच्या पोटात गेला होता. कुणाच्या तरी माउसनं ओढला गेला होता.

"सापडलं, सर. तुमच्याकडेच आहे," अण्णा एवढंच म्हणाले. साहेबांनी उघडून पाहिलं आणि ते घसा खाकरू लागले. "मग ती मेल?"

"ती रेघ म्हणजे पत्त्याची सुरुवात, सर. ती असली तर टेपवरचं सामान उघडताना सरळ जुन्या घरात घुसेल, आजच्या कामावर बसेल. म्हणून प्रत घेणारा प्रोग्राम नावातनं ती काढतो आणि काढली म्हणून सांगतो. सज्जन आहे."

"मग बंद करा ती कटकट."

"नको, सर. उद्या ती आली नाही, तर टेप चालली नाही हे मला कोण सांगणार?"

साहेब गेल्यावर अण्णांनी वही काढून काहीतरी लिहिलं. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

सहा महिने भरले आणि मी कायम झालो. आणखी दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी वही माझ्या हातात ठेवली. "वाच."

"मला, अण्णा..."

"सोंग कशाला? पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे. बसच्या कन्नड पाट्या कुणाला न विचारता वाचून चढायचास."

मी टेपच्या त्या दिवसाचं पान शोधलं. 'टेपचा इशारा: तपासला, निरुपद्रवी. नवा मुलगा: तपासला, निरुपद्रवी. दोघांवर लक्ष ठेवणे.' खाली वेगळ्या शाईत, माझ्या कायम होण्याच्या तारखेला, लिहिलं होतं: 'ठेवलं. सरी आहे.' सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक, बरोबर.

मी उठून खोलीला कुलूप लावलं आणि सवयीनं बाजूला झालो. अण्णांनी पिशवी उचलली, चपला घातल्या आणि कुलूप न ओढता जिना उतरून गेले.