सवतीची चौकट

सवत मातीचीसुद्धा नको, म्हणतात. माझी तर दगडामातीचीच आहे. भूकंपात जुन्या गावातली सगळी माळवदं खाली बसली, तेव्हा मालकांच्या घराची एक भिंत आणि दाराची सागवानी चौकट तेवढी उभी राहिली. त्या दाराच्या आत मालकांची पहिली बायको गेली. मी दोन वर्षांनी चाकूरहून लग्न होऊन आले, ती नव्या गावातल्या पुनर्वसनाच्या घरात.

मालक तसे अबोल. पण दरवर्षी भूकंपाच्या दिवशी सकाळी अंघोळ करून जुन्या गावात जातात आणि त्या चौकटीला जवसाचं तेल पाजतात. आमच्या घराचं दार पावसाळ्यात फुगून तीन वर्षं नीट लागत नव्हतं, तिकडं मात्र लक्ष नाही. शेवटी सुतार मीच बोलावला.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. तिच्या नावाचं पुरण इतकी वर्षं मीच वाटते, साडीही मीच आणते, आणि आणते ती मळखाऊ रंगाची. ती गोरीपान होती, असं जाऊबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. साडी नेसणार जेवायला आलेली सवाष्ण, हे मला कळतं. तरी.

यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलं, ती भिंत आणि चौकट भूकंपाची आठवण म्हणून जपायची. वर पत्र्याचं छप्पर, भोवती जाळी. जागेच्या कागदांवर आता माझंही नाव आहे, म्हणून संमतीला दोघांची सही हवी. मालकांनी लगेच केली. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. चष्मा डोक्यावरच होता.

चार दिवस कागद फ्रिजवर पडून राहिला. इतकी वर्षं भिजून ती भिंत आता पोकळ झाली होती, छपराविना एक-दोन पावसाळ्यांत खाली येणार, हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, ती पडावीच असं वाटत होतं. तीस वर्षं मी जे घर झाडलं, पुसलं, रंगवलं, त्याच्यापुढं कोण थांबणार आहे? उभ्या घराला कुणी जाळी लावत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जेवताना मालकांनी कागदाचं विचारलं. मी भाकरी वाढली आणि म्हटलं, "मी गेल्यावर माझं काय जपून ठेवणार तुम्ही?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तू नको आधी जाऊस. एकदा माती उपसली म्या ह्याच हातांनी. आता मागं राहायचं बळ न्हाई माझ्यात. मला जाऊ दे आधी."

कुंकवानं जाणं कुठल्या बाईला नको असतं? मीही आजवर रोज तेच मागत आले, की मळवट भरून यांच्या खांद्यावरून जावं. आणि नेमकं तेच हा माणूस मला सोडायला सांगत होता. राग आला, रडूही आलं. ताटं उचलली, हात पुसले आणि सही केली.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि काहीच मागितलं नाही.